नारायणराव पेशव्यांचा खून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाडा पाहून आलेली माणसे हमखास जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तलवार कोणी चालवली हे या प्रकरणात पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. अडीचशे वर्षे वाद चालला आहे तो हुकूम कोणाचा होता यावर. खरे तर हुकूम नेमका काय होता यावरच.

नक्की काय घडले, कधी घडले?

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पेशव्यांच्या वाड्यात गणपती बसलेले होते आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. सकाळपासूनच गारद्यांमध्ये, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावरच्या पगारी शिपायांमध्ये, चुळबूळ सुरू होती. नारायणरावांच्या कानावर ती गेली आणि त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. पण हरिपंतांना एका स्नेह्याकडे जेवायचे आमंत्रण होते, त्यामुळे बंदोबस्त मागे राहिला.

दुपारी नारायणराव जेवून पडले होते. सुमेरसिंग आणि महंमद युसुफ यांच्या मागे गारद्यांचा जमाव थकलेला पगार मागत वाड्यात घुसला. नारायणरावांचे चुलते राघोबादादा वाड्यातच कैदेत होते, त्यांच्यावर ज्याचा पहारा होता तो खरकसिंगही त्यांना मिळाला. हे लोक मुख्य दरवाजातून आले नाहीत. दादांच्या राहत्या भागाला येण्याजाण्याची वाट वेगळी करायची म्हणून थोड्या दिवसांपूर्वी भिंत पाडून नवे दार काढले होते आणि त्याचे काम अर्धवट होते. गारदी तिथून आत शिरले.

नारायणराव उठून धावले ते थेट चुलत्याच्या दालनात. त्यांनी चुलत्याला मिठी मारली. सुमेरसिंग मागे होताच. या गोंधळात दादा सुटून गच्चीवर गेले. नारायणराव त्यांच्या मागे जाऊ लागले तेव्हा तुळाजी पवाराने पाय धरून त्यांना खाली ओढले. तुळाजी हा दादांचाच खिजमतगार, म्हणजे खासगी नोकर. तेवढ्यात चापाजी टिळेकर धावत आला. हा नारायणरावांचा नोकर. त्याच्या हातात काहीही नव्हते, तरी त्याने धन्यावर अंग टाकले. नारायणरावांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघेही त्याच जागी तलवारीखाली गेले. त्या दुपारी वाड्यात दहाच्या वर माणसे मारली गेली. रात्री त्रिंबकराव पेठे यांनी मुठेच्या काठी नारायणरावांना अग्नी दिला.

दहा ऑगस्टला नारायणरावांना अठरा वर्षे पूर्ण झाली होती.

राघोबादादा कैदेत का होते?

हा पेशवाईतला जुना कज्जा. नानासाहेबांच्या मागे थोरले माधवराव गादीवर आले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. अटकेपर्यंत फौज नेलेल्या चुलत्याला पुतण्याच्या हाताखाली राहणे मानवले नाही. दोघांत लढाया झाल्या. १७६८ साली धोडपला दादांचा पाडाव झाला आणि माधवरावांनी त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. मरणापूर्वी माधवरावांनी त्यांच्याशी समेट केला आणि धाकट्या भावाला त्यांच्या स्वाधीन केले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले. नारायणरावांनी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे घेतली. पाचच महिन्यांत, एप्रिल १७७३ मध्ये, चुलत्यावर पुन्हा पहारा बसला.

आणि बसला तोही त्याच वाड्यात. ज्याला डांबायचे आणि ज्याने डांबायचे, ते दोघे एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहत होते. ही चूक नारायणरावांची की कारभाऱ्यांची, यावर पुष्कळ बोलता येईल. दादांना एखाद्या गडावर ठेवले असते तर पुढचे सगळेच वेगळे घडले असते, असे माझे मत आहे.

गारदी कोण होते?

युरोपीय धर्तीवर कवायत शिकवलेले बंदूकधारी पायदळ. पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी सगळ्यांना माहीत आहेच. हे लोक रोख पगारावर चाकरी करत आणि पेशव्यांच्या वाड्याचा पहारा त्यांच्याकडे असे. पगार थकला की गारद्यांनी धन्यापुढे गलका करावा, यात त्या काळी नवल नव्हते. म्हणून त्या दुपारी सुरुवातीला कोणाला संशय आला नाही.

‘ध’चा ‘मा’ ही हकीकत खरी आहे का?

हकीकत अशी: दादांनी गारद्यांना चिठ्ठी दिली, ‘नारायणरावांस धरावे’. दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’च्या जागी ‘मा’ केला, ‘मारावे’ झाले, आणि पुढचा अनर्थ ओढवला.

महाराष्ट्रातले शाळकरी पोरही हे सांगते. पण छापील इतिहासात ही गोष्ट सविस्तर येते ती ग्रँट डफकडे. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. डफ साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता, पेशव्यांची दप्तरे त्याच्या हाताशी होती आणि जुन्या जाणत्या माणसांशी त्याचे बोलणे होत असे. त्यामुळे त्याला झटकून टाकता येत नाही. मात्र तो लिहितो काय, ते नीट वाचावे. तो दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. खुनाचा तपास करणारे न्यायाधीश रामशास्त्री यांनी मूळ कागद मिळवला आणि त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले आढळले, ही पहिली. हा फेरफार आनंदीबाईंनी केला असे सगळे मानतात, ही दुसरी. पहिली तपासात सापडलेली बाब म्हणून येते, दुसरी लोकांचा समज म्हणून. आपण दोन्ही एकत्र करून टाकल्या, आणि दुसरीच जास्त लक्षात ठेवली.

तो मूळ कागद आज कोणी दाखवू शकत नाही.

मग आनंदीबाई निर्दोष होत्या?

पुरावा नाही, एवढेच ठामपणे म्हणता येते. पण एवढे म्हणणेसुद्धा महत्त्वाचे आहे. अडीचशे वर्षे या बाईच्या नावावर एक खून मांडला गेला आहे आणि त्याला आधार आहे तो ‘सगळे म्हणतात’ याचा.

आनंदीबाई गुहागरच्या ओकांच्या घरातल्या. लिहिता-वाचता येणाऱ्या, हुशार, नवऱ्याच्या राजकारणात लक्ष घालणाऱ्या. त्या काळच्या कारभाऱ्यांना ते खुपत असे, आणि पुढे लिहिणाऱ्यांनाही खुपले. चिठ्ठी खोडायची तर अक्षर यायला हवे, आनंदीबाईंना येत होते, म्हणून त्यांनीच खोडली असा तर्क लावला जातो. पण चिठ्ठी दादांकडून निघून महंमद युसुफाच्या हाती पोहोचली. वाटेत ती किती हातांतून गेली असेल? तुळाजी पवार होता. गारद्यांना मोडी कागद वाचून दाखवणारा कोणी कारकून असणार. या सगळ्यांना सोडून बोट एकट्या बाईकडे जाते, यात न्याय नाही.

माझा संशय अजून एका बाजूला जातो. ‘चिठ्ठीत फेरफार झाला’ या गोष्टीने फायदा कोणाचा होतो? दादांचा. धरण्याचा हुकूम दिला हे त्यांनी कबूल केलेच होते. मारण्याचा दिला नाही, हे सिद्ध करायला खोडलेल्या अक्षरापेक्षा सोयीची गोष्ट कोणती असणार?

पण एक अक्षर बदलणे त्या काळच्या कागदात शक्य होते का?

सरकारी कागदात अवघड होते. पेशव्यांच्या दप्तरातला हुकूम शिक्का होऊन निघे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब होई. त्यापुढे कोणी मजकूर वाढवू नये, हाच मोर्तबाचा हेतू. कैदेतल्या माणसाने गुपचूप पाठवलेल्या चिठ्ठीला यातले काही नसणार. तेव्हा फेरफार शक्य होता. शक्य होता म्हणजे झाला असे मात्र नव्हे.

राघोबादादांना फक्त कैदच करायची होती, असे मानता येईल का?

ग्रँट डफने तेव्हाचे लोकमत नोंदवले आहे, की दादांना पुतण्याला मारायचे नव्हते. ऐन वेळी त्यांनी सुमेरसिंगाची विनवणी केली, असेही तो सांगतो. त्यावर सुमेरसिंगाचे उत्तर असे, की मी इथवर आलो तो स्वतःचा घात करून घ्यायला नाही, याला सोडा, नाहीतर तुम्हीही याच्याबरोबर मराल.

हे उत्तर मला फार बोलके वाटते. सुमेरसिंगाने हिशेब केला होता. पेशव्यावर हात टाकून त्याला जिवंत सोडले, तर उद्या तोच पेशवा गारद्यांची मान मारणार. म्हणजे चिठ्ठीत ‘धरावे’ असो की ‘मारावे’, भर दुपारी शस्त्र घेऊन वाड्यात शिरलेल्या माणसांना परत फिरायला जागाच नव्हती. उभी हयात फौजेत काढलेल्या दादांना हे कळत नव्हते, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

आणि नंतरचे वागणे पाहा. दादांनी गारद्यांपैकी कोणाला शिक्षा केली नाही. दत्तक मुलगा अमृतराव याला बजाबा पुरंदऱ्यांबरोबर साताऱ्याला पाठवून पेशवाईची वस्त्रे आणवली. हुकमाबाहेर जाऊन पुतण्याला कापणाऱ्यांना चुलता असे मोकळे सोडतो का? ग्रँट डफ स्वतःही म्हणतो, की पुतण्याला वाचवायला दादांनी जिवावर उदार व्हायला हवे होते, ते झाले नाहीत आणि म्हणून संशय उरतो.

रामशास्त्र्यांच्या तपासात काय निघाले?

रामशास्त्री प्रभुणे मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशव्यांचे न्यायाधीश. संशय सर्वांनाच होता, पण तोंड उघडायला कोणी धजत नव्हते. ज्या पेशव्याच्या हाताखाली न्यायाधीश काम करत होते त्याचीच चौकशी त्यांनी सुरू केली. सुमारे दीड महिना तपास चालला. पन्नासच्या आसपास माणसे कमी-अधिक गुंतल्याचे निघाले आणि मुख्य बोट राघोबादादांकडे गेले.

शास्त्र्यांनी ते त्यांच्या तोंडावर सांगितले. दादांनी प्रायश्चित्त विचारले. शास्त्र्यांचे उत्तर: देहान्त. तुमचा कारभार आहे तोवर मी चाकरी घेणार नाही, पुण्यात पाऊल टाकणार नाही, असे म्हणून ते वाईजवळ एका खेड्यात जाऊन राहिले, आणि शब्दाला जागले. बारभाईंच्या, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, हाती कारभार आल्यावरच ते परतले.

रंगभूमीने आणि पडद्याने हा प्रसंग इतक्या वेळा दाखवला आहे, की त्यातले मूळ काम झाकले जाते. भर दरबारातल्या बाणेदार वाक्यांपेक्षा मला तो दीड महिना मोठा वाटतो. खुनी वाड्यात पहाऱ्यावर आहेत, संशयित गादीवर आहे, आणि एक माणूस साक्षी काढत, नावे लिहीत बसला आहे. त्याच्यामागे ना फौज, ना पैसा.

तपास पुरा झाला, मुख्य आरोपी निघाला, तर मग गूढ कसले?

निकाल लागला, पण त्याला आधार असलेले कागद आपल्यापर्यंत जसेच्या तसे आले नाहीत. शिवाय मुख्य आरोपीला शिक्षा झाली नाही, त्यामुळे त्याची बाजू उलटतपासून पाहण्याची वेळच आली नाही. जे हाती आहे ते तीन थरांचे: त्या दिवसांतली पत्रे आणि बातमीपत्रे, नंतरच्या बखरी, आणि त्याही नंतरचा डफ. प्रत्येक थरात हकीकत थोडी रंगत गेली. दप्तरे तपासायला बसले की हे चांगलेच जाणवते.

कटात आणखी कोणी होते का?

पन्नास नावे निघाली म्हणजे हे एका नवराबायकोचे काम नव्हते, हे उघड आहे. नारायणरावांवर रुष्ट असलेली मंडळी बरीच होती. नागपूरकर भोसल्यांच्या घरात मुधोजी आणि साबाजी यांचा वारशाचा तंटा पेटला होता. दादांचा ओढा मुधोजीकडे, पुणे दरबाराचा साबाजीकडे. कायस्थ प्रभूंच्या धर्मकर्माच्या वादात नारायणरावांनी घेतलेल्या बाजूने तोही समाज दुखावला होता. सखारामबापू बोकील कारभारी खरे, पण त्यांचा आणि दादांचा घरोबा जुना. खून झाला तेव्हा बापू कोतवालचावडीवर होते आणि दादांच्या चिठ्ठ्या त्यांना तिथे पोहोचत होत्या. त्यांना आधी कळले होते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. हरिपंत फडक्यांची गोष्ट निराळी. दादांनी खून केला असे म्हणून ते बारामतीला निघून गेले आणि पुढे दादांविरुद्ध हिरिरीने लढले. जेवणाच्या आमंत्रणापायी राहून गेलेला बंदोबस्त त्यांना जन्मभर सलला असेल.

यात इंग्रजांचा हात होता का?

मुंबईकर इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन तेव्हा पुण्यातच होता, म्हणून हा प्रश्न येतो. खुनात त्यांचा हात असल्याचे काही दिसत नाही. फायदा मात्र त्यांनी पुरेपूर उठवला. बारभाईंनी पेचात धरल्यावर दादा इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि वसई-साष्टी देऊ केली. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. ते सालबाईच्या तहाने १७८२ साली मिटले.

नारायणरावांना मूल होते ना?

खुनाच्या वेळी नव्हते. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. मधले दिवस मोजले तर २३१ भरतात. म्हणजे खुनाच्या दिवशी गंगाबाईंना जेमतेम दिवस गेलेले होते. कदाचित वाड्यात कोणाला पक्की खबरही नसेल. ती असती तर दादांनी पाऊल उचलले असते का, असा विचार मनात येतो. वारस पोटात आहे हे कळताच नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी गंगाबाईंना पुरंदरावर हलवले. मूल खरे नव्हे, बदललेले आहे, अशी कुजबुज दादांच्या बाजूने पुढे कितीतरी वर्षे चालली.

खुन्यांचे काय झाले?

महंमद युसुफ पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. तुळाजी पवार हैदरअलीच्या मुलखात पळाला. पुढे पुणे दरबार आणि हैदर यांचे सूत जुळल्यावर तो पुण्याच्या हाती आला आणि मारला गेला. तुळाजीने हे का केले, याचे कोडे मला सर्वांत जास्त छळते. वैयक्तिक राग, आनंदीबाईंची फूस, बक्षिसाची आशा, सगळे तर्क आहेत.

राघोबादादा ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावला वारले. शिक्षा झाली नाही, गादीही मिळाली नाही. आनंदीबाई नवऱ्यानंतर दरबाराच्या नजरेखाली राहिल्या आणि १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्लीला गेल्या. त्यांचाच मुलगा दुसरा बाजीराव १७९६ साली पेशवा झाला.

शनिवारवाड्यात पौर्णिमेला, अमावस्येला ‘काका मला वाचवा’ असे ऐकू येते म्हणतात. खरे का?

नाही. पौर्णिमा-अमावस्येचा तर या घटनेशी संबंधच जुळत नाही. खून शुद्ध त्रयोदशीला झाला आणि तोही भर दुपारी. अठरा वर्षांच्या मुलाच्या शेवटच्या हाकेला रात्रीच्या सहलींचे निमित्त करू नये, असे मला मनापासून वाटते.

खुनाची जागा आज पाहता येते का?

दालन पाहता येत नाही. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या. उरले ते कोट, बुरूज, दरवाजे आणि जोती. पाच दरवाज्यांपैकी एकाला नारायण दरवाजा म्हणतात. नारायणरावांचा देह तिथून बाहेर नेला असे सांगतात. वाटाड्या एखाद्या जोत्याकडे बोट दाखवून ‘इथेच’ म्हणाला तर ते अंदाजाचे समजावे.

नवा पुरावा अजून सापडू शकतो का?

सापडू शकतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. रियासतकार सरदेसाईंनी गेल्या शतकात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले, ते एकूण साठ्याच्या मानाने थोडेच. सरदार घराण्यांची खासगी दप्तरे वेगळीच. मोडी वाचणाऱ्या कोणाला या कामात पडायचे असेल, तर दोन गोष्टींवर नजर ठेवावी: रामशास्त्र्यांच्या तपासातल्या नावांची यादी किंवा जबान्या, आणि तुळाजी पुण्यास आणल्यावर त्याने दिलेला जबाब. चिठ्ठी कोणी दिली, कोणी वाचून दाखवली, हे तुळाजीला ठाऊक होते. त्याचा जबाब पुरा हाती लागला, तर आनंदीबाईंवरचा आरोप तरी एकदाचा तपासून पाहता येईल.